दोन एकर, दोन गाई: घरच्या शेतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी उत्तरं एकाच प्रकारची शेती डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, नगर या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यातली, विहिरीवर भिजणारी दोन एकर जमीन, दोन संकरित गाई, एक कालवड, चार शेळ्या, पंधरा-वीस कोंबड्या आणि राबणारी घरची दोन-तीन माणसं. कोकणातल्या भातशेतीला किंवा विदर्भातल्या कोरडवाहू कापसाला यातलं बरंचसं लागू होणार नाही. गोठ्याचं काम मात्र बहुतेक सगळीकडे सारखंच असतं.

दोन एकरांत नेमकं मिळतं काय?

महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम मिळेल असं धरून चालाल तर निराश व्हाल. इथे पैसा चार वाटांनी आणि वेगवेगळ्या वेळी येतो. दुधाचा पगार बहुतेक संकलन केंद्रांवर दर दहा दिवसांनी होतो, त्यातून किराणा आणि पेंड भागते. भाजीचा पैसा आठवडी बाजाराचा. शेळ्यांचा पैसा वर्षातून एक-दोनदा पण एकगठ्ठा येतो आणि तो शाळेच्या फीला, दवाखान्याला उपयोगी पडतो. धान्य विकायचं नसतं, ते खायचं असतं.

याशिवाय ज्याची पावती फाटत नाही असंही बरंच काही मिळतं. दोन गाईंचं शेण एका एकराला पुरेल एवढं खत देतं. घरची कालवड नीट सांभाळली तर २७ ते ३० महिन्यांत पहिल्यांदा विते, म्हणजे बाजारातून गाय आणायचा खर्च वाचतो. शिवाय बाजारातल्या गाईबरोबर तिची खोडही घरी येते, ती भीती नसते. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचं कणीस दुधात आलं की शेकोटीच्या आरावर भाजून, हातावर चोळून हुरडा खाता येतो. साधारण २५ ते ३० लिटर गाईच्या दुधातून एक किलो तूप निघतं. ते विकायचं की घरी ठेवायचं हा प्रश्न आला तर घरात लहान मूल असेपर्यंत तरी घरी ठेवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दिवस कसा जातो?

पहाटे पाचला गोठा. आधी शेण काढायचं, मग मुताची नाली धुवायची आणि त्यानंतरच धारेला बसायचं. हा क्रम उलटा केला की झाडताना उडालेली धूळ आणि शेणाचे शिंतोडे सडांवर जातात. साडेपाच ते सव्वासहा धार, सातच्या आत दूध केंद्रावर. उन्हाळ्यात धार काढल्यापासून दोन तासांपुढे दूध तसंच राहिलं तर ते नासायला लागतं, म्हणून रस्ता लांब असेल तर धारेचीच वेळ अलीकडे घ्या. कॅन स्टीलचा हवा. प्लॅस्टिकच्या कॅनला आतून चरे पडतात, त्यात दुधाचा थर बसतो आणि तो कितीही घासला तरी निघत नाही.

सकाळी वैरण टाकून झाली की भाजीची तोडणी किंवा खुरपणी. शेळ्या दव उतरल्यावरच, म्हणजे नऊनंतर बाहेर सोडायच्या. ओल्या गवताच्या शेंड्याला जंतांची पिल्लं चढलेली असतात, ती पोटात जातात. दुपारी चाऱ्याची कापणी आणि कुट्टी, संध्याकाळी साडेपाचला परत धार, रात्री नऊ-साडेनऊला शेवटची फेरी.

दोन गाई, कालवड आणि शेळ्या यांनाच दोघांचे मिळून रोज साधारण सहा-सात तास लागतात. यात रविवार नाही, दिवाळी नाही. शेतातलं काम दोन दिवस मागे-पुढे झालं तर चालतं, गोठ्यातलं एक तासही हलत नाही. शेतीत उतरू पाहणाऱ्यांनी भांडवलाआधी घरातले हात मोजावेत.

किती जनावरं ठेवावीत?

गोठ्यात जागा किती आहे हे विचारूच नका, चाऱ्याखाली किती गुंठे आहेत ते सांगा. बहुतेक घरं इथेच फसतात. दुधाला दर चांगला दिसला की तिसरी, चौथी गाय येते आणि मार्च-एप्रिलमध्ये विकतच्या वैरणीत सगळा पगार जातो.

हिशेब असा मांडा. दुभत्या संकरित गाईला रोज १५ ते २० किलो हिरवा चारा, ५ किलो वाळलेला. कालवडीला हिरवा ८ किलो, वाळलेला २. शेळीला हिरवा ३-४ किलो आणि थोडी कोरडी वैरण. म्हणजे आपल्या गोठ्याला रोज ६० किलो हिरवा आणि १४ किलो वाळलेला चारा लागतो. वर्षाचे हे सुमारे २२ टन हिरवा आणि ५ टन वाळलेला.

संकरित नेपिअर गवत (फुले जयवंत वगैरे) चांगल्या खतपाण्यावर एका गुंठ्यातून वर्षाला दीड ते पावणेदोन टन देतं. १० गुंठे नेपिअर आणि ५ गुंठे लसूणघास व मका मिळून गरज कशीबशी भागते. नुसत्या नेपिअरवर जनावर ठेवू नका. त्यात प्रथिनं कमी असतात आणि ऑक्झॅलेटमुळे अंगातलं कॅल्शियम बांधलं जातं, म्हणून लसूणघासाची जोड हवीच. बेणं तीन फूट बाय दोन फुटांवर, दोन डोळ्यांचं लावा. १० गुंठ्यांना साधारण अठराशे कांड्या लागतात. पहिली कापणी ७०-७५ दिवसांनी, पुढच्या ४५ ते ५० दिवसांनी. १० गुंठ्यांचे ४५ पट्टे पाडून रोज एक कापला की शेवटच्या पट्ट्यापर्यंत जाईस्तोवर पहिला परत तयार होतो. कापताना जमिनीपासून चार-पाच बोटं बुडखा ठेवा. अगदी खरवडून कापलं तर फुटवे मरतात, फार वर कापलं तर वरच्या डोळ्यांतून बारीक, कुचकामी फुटवा येतो.

८० गुंठ्यांची वाटणी मग अशी बसते: चारा १५, भाजी १५, धान्य-कडधान्य ४०, आणि घर, गोठा, बांध, झाडं मिळून १०. धान्याच्या ४० गुंठ्यांत जूनमध्ये मूग किंवा उडीद घ्यायचा, तो ऑगस्टअखेर निघतो, आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान मालदांडी ज्वारी. एकरी ४ किलो बियाणं, किलोला ४ ग्रॅम बारीक गंधक चोळून. गंधक चोळलं नाही तर कणसात दाण्याऐवजी काणीची काळी भुकटी भरते. या एकराचा कडबा साधारण दोन टन भरतो. त्यात मुगाचं भुसकट धरलं तरी निम्म्याहून जास्त कोरडी वैरण विकत घ्यावी लागते. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, ज्वारीची काढणी चालू असताना घ्या. मे महिन्यात गरजू माणसाला भाव विचारायची सोय राहत नाही.

मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) दोन गाईंसाठी परवडतो का?

परवडतो, पण खड्डा करू नका, पिशव्या भरा. दोन गाईंना रोज जेवढा लागतो तेवढ्याने मोठ्या खड्ड्याचं उघडं तोंड पुढे सरकत नाही आणि ते हवेने सडतं. मका ७५ ते ८५ दिवसांचा, दाणा नखाने दाबला तर चिकट दुधाळ गर येईल असा असावा. अर्ध्या इंचाची कुट्टी करून थराथराने तुडवत भरायचा आणि तोंड हवाबंद करायचं, ४५ दिवसांनी उघडायचं. मूठभर कुट्टी दाबून मूठ उघडली की गोळा हळूहळू सुटला पाहिजे. बोटांतून पाणी गळलं तर ओल जास्त आहे, अर्धा दिवस सुकवा. गोळा लगेच विस्कटला तर मका जून झाला. उघडल्यावर पिवळट-हिरवा रंग आणि आंबूस-गोड वास यायला हवा. काळा पडलेला किंवा बुरशीचा भाग जनावराला देऊ नका, गाभण जनावराला तर अजिबातच नको.

कोवळी ज्वारी खाऊन जनावर मेलं असं ऐकतो, ते काय असतं?

त्याला किराळ लागणं म्हणतात. कोवळ्या, पाण्याचा ताण पडलेल्या किंवा कापून परत फुटलेल्या ज्वारीत विषारी आम्ल तयार होतं. जनावर धापा टाकतं, थरथरतं, तोंडाला फेस येतो आणि तासाभरात दगावू शकतं. कडवळ (चाऱ्याची ज्वारी) फुलोऱ्यात आल्यावरच कापा आणि ज्वारीच्या खुंटाटांवर फुटलेले धुमारे चरायला जनावर सोडू नका. लक्षण दिसलं की त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन करा. यावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेत मिळालं तरच.

धार काढताना कुठे चुकतं?

गाईने पान्हा सोडला की त्याचा जोर पाच ते सात मिनिटं राहतो. तेवढ्यात धार संपली पाहिजे. मध्येच फोन घेतला, पेंड आणायला उठलं, की उरलेलं दूध कासेतच राहतं आणि पुढच्या धारेला गाय तेवढं कमी देते.

कास कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार खडे टाकून धुवा. पाणी फिकट गुलाबी हवं, जांभळं नको. मग स्वच्छ फडक्याने कोरडी करा. ओल्या सडावरून घाण पाणी ओघळून थेट दुधात आणि सडाच्या तोंडाशी जातं. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढा. गुठळी, फुटकेपणा, पाणचटपणा, रक्ताची छटा यांतलं काही असेल तर ते काळ्यावर लगेच दिसतं. या धारा गोठ्यात जमिनीवर सोडू नका.

अंगठा मोडून धार काढायची सवय आपल्याकडे फार आहे. अंगठ्याचं पेर रोज दोनदा सडाच्या एकाच जागी दाबलं जातं आणि आतून गाठ धरते. पूर्ण मूठ वापरा. अंगठा आणि पहिल्या बोटाने सड वरून बंद करायचा, मग एकेक बोट खाली मिटत यायचं. हात ओढायचा नाही, नुसता मिटायचा.

धारेनंतर चारही सड जंतुनाशकात बुडवा आणि गाईपुढे लगेच वैरण टाका. सडाचं भोक मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ ती उभी राहिली पाहिजे. लगेच बसली तर शेणातले जंतू सरळ आत जातात. कासदाहाची, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो तिची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

वरून न दिसणारी दगडी घरी तपासता येते. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम साधी धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चार सडांचं थोडं-थोडं दूध घ्या, प्रत्येकीत तेवढंच पावडरचं पाणी घालून वाटी फिरवा. ज्या वाटीत दूध शेंबडासारखं दाट झालं तो सड बिघडला आहे. पंधरा दिवसांतून एकदा ही तपासणी करा. औषध चालू असलेल्या गाईचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस केंद्रावर घालू नका. ते दूध दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणार असतं.

दूध चांगलं दिसतं, पण फॅट लागत नाही. का?

बहुतेक वेळा शेवटच्या धारा कासेत राहिलेल्या असतात. सुरुवातीचं दूध पातळ आणि शेवटचं सगळ्यात स्निग्ध असतं, त्यामुळे वासराला शेवटच्या धारा सोडल्या तर फॅट वासराकडे जातं. दुसरं कारण म्हणजे हिरवा चारा भरपूर आणि कडबा कमी. फॅट तंतुमय वैरणीतून बनतं, पेंड वाढवून ते वाढत नाही, उलट जास्त भरड्याने पोट आंबतं आणि फॅट आणखी पडतं. तिसरं, दोन धारांमधलं अंतर. सकाळी पाच आणि संध्याकाळी चार असं असेल तर सकाळच्या दुधात फॅट कमी येणारच. बारा-बारा तास जमवा. आणि केंद्रावर नमुना घेण्याआधी दूध वर-खाली ढवळलं जातंय का, ते उभं राहून पाहा.

पेंडीचं माप: अंगाच्या पोषणाला दीड किलो आणि त्यावर दर लिटर दुधाला ४०० ग्रॅम. दहा लिटरच्या गाईला साडेपाच किलो, दोन वेळांत विभागून. क्षार मिश्रण रोज ५० ग्रॅम आणि पाणी ६० ते ८० लिटर. पाणी दिवसातून दोनदा दाखवण्यापेक्षा समोर कायम भरलेलं ठेवलं तर दूध वाढतं, आणि त्याला जास्तीचा खर्च नाही.

गाय पुन्हा पुन्हा उलटते, म्हणजे भरवूनही (रेतन करूनही) गाभण राहत नाही, काय करावं?

आधी माज, म्हणजे गाय भरवण्याजोगी होण्याची वेळ, नेमका ओळखला जातो का ते पाहा. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज १२ ते १८ तासच टिकतो. संकरित गाई उन्हाळ्यात मुका माज दाखवतात, ओरडत नाहीत. काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा बळस (योनीतून येणारा चिकट स्राव), सारखी लघवी, खाण्याकडे दुर्लक्ष, दूध अचानक लिटरभर कमी, या खुणा पहाटे आणि रात्रीच्या फेरीत दिसतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टर मोकळे आहेत म्हणून लगेच भरवून घेणं ही उलटण्याची मोठी वाट आहे. बळस पांढरट किंवा पिवळा असेल तर गर्भाशयात पू आहे, तेव्हा भरवू नका, आधी उपचार करा.

एक माज चुकला की २१ दिवसांची वैरण फुकट गेली. गोठ्याच्या भिंतीवर कॅलेंडर टांगा. माजाची, भरवल्याची आणि तपासणीची तारीख त्यावर लिहा. व्याल्यानंतर साठ दिवसांनी भरवायला सुरुवात आणि नव्वद दिवसांच्या आत गाभण, हे साधलं तर गाय साधारण वर्षाला विते.

गाय विताना आणि व्याल्यावर काय जपायचं?

गाभणपण २८० दिवसांचं, म्हणजे नऊ महिने नऊ दिवस. शेवटचे ६० दिवस गाय आटवा, म्हणजे धार बंद करा. त्या दोन महिन्यांच्या दुधाचा मोह धरला तर पुढचं सगळं वेत कमी दुधाचं जातं.

वासरू पडलं की नाका-तोंडातला चिकटा काढा, नाळ दोन बोटं ठेवून बांधून कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. पहिला चीक तासाभरात पाजा. वासराच्या वजनाचा दहावा भाग चीक पहिल्या दिवसात विभागून गेला पाहिजे, म्हणजे २५ ते ३० किलोच्या वासराला अडीच-तीन लिटर. वार (वासरानंतर बाहेर पडणारं जाळं) पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, असं अजून बरीच जुनी माणसं सांगतात. त्यांचा मान ठेवूनच सांगतो, हे ऐकू नका. चिकातली रोगाशी लढायची ताकद वासराचं आतडं पहिल्या काही तासांतच शोषून घेतं, नंतर ते दार बंद होतं.

वार आठ-बारा तासांत पडते. पडली नाही तर ओढू नका, तिला दगड किंवा वीट बांधू नका, डॉक्टरांना बोलवा. पहिल्या तीन दिवसांत जास्त दुधाची गाय अचानक बसून राहिली, मान वळवून पोटाकडे ठेवली, कान गार पडले, तर तो दूधज्वर. रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. अशा वेळी तोंडाने काही पाजू नका, गिळता न आल्याने ते फुप्फुसात जातं. शिरेतून कॅल्शियम दिलं की तासाभरात गाय उठते.

शेणाचं काय करायचं?

आमच्या मते दुधाआधी हिशेब शेणाचा धरावा. दोन गाई आणि कालवड रोज ३५ किलोच्या आसपास शेण देतात, वर्षाला बारा टनांहून जास्त. कुजून, आटून पाच-सहा टन खत होतं आणि एकराला पाच टनांची शिफारस आहे. म्हणजे दरवर्षी निम्मं रान आलटून-पालटून खतावता येतं. चार वर्षांत माती हाताला मऊ लागते आणि पाण्याची पाळी दोन-तीन दिवस पुढे ढकलता येते.

पण उघड्यावरच्या उकिरड्यात यातलं पुष्कळसं उन्हाने आणि पावसाने जातं. पुसदच्या पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखला जाणारा नाडेप हौद छोट्या घराला सोयीचा पडतो. १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, विटांमध्ये हवेसाठी झरोके. पालापाचोळ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर पातळसा मातीचा थर, असं करत हौदाच्या वर दीड फूट आणा आणि शेणमातीने लिंपा. साडेतीन-चार महिन्यांत खत तयार. ओल टिकवली नाही तर कचरा तसाच राहतो, ही नेहमीची चूक.

अर्धवट कुजलेलं शेणखत शेतात टाकलं की हुमणी (पिकांची मुळं खाणारी अळी) येते. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान तिचे भुंगेरे कडुनिंब आणि बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते पाडा आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाका. सगळ्या वाडीने मिळून हे केलं तरच उपयोग, कारण शेजारच्या झाडावरचे भुंगेरे बांध ओळखत नाहीत.

गोबर गॅस हवा असेल तर एक घनमीटरच्या संयंत्राला रोज २५ किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. बाहेर पडणारी मळी खत म्हणून वापरता येतेच, त्यामुळे शेण वाया जात नाही.

भाजी कोणती आणि किती लावावी?

१५ गुंठे एकदम एका भाजीखाली घालू नका. मेथी दर आठवड्याला एक गुंठा पेरा, गुंठ्याला २५० ते ३०० ग्रॅम बी. ती २५ ते ३० दिवसांत उपटायला येते, त्यामुळे प्रत्येक बाजाराला हातात माल असतो आणि एखाद्या आठवड्यात भाव पडला तरी नुकसान एका गुंठ्याचंच होतं. कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांची, पेरण्याआधी धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायचे. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी उपटा, मुळं धुवा, ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. तिसऱ्या दिवशी ती जून होते आणि झाडावर राहिलेली जून भेंडी पुढची फुलं थांबवते. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की ते झाड उपटून पुरा, पांढरी माशी तो रोग पसरवते. फवारणीला निंबोळी अर्क ५ टक्के: १५ लिटरच्या पंपाला पाऊण किलो निंबोळीची भरड पूड रात्री भिजत घाला, सकाळी फडक्याने पिळून गाळा आणि त्याच संध्याकाळी थोड्या साबणाच्या चुऱ्यासह फवारा. उन्हात त्याचा गुण उतरतो, आणि सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. निंबोळ्या जून-जुलैमध्ये वेचून सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभर पुरतात.

ठिबकच्या शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही.

गाळणीच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन प्रेशर मीटरं असतात, त्यांतला फरक ०.५ किलोच्या वर गेला की गाळणी तुंबली. आठवड्यातून एकदा लॅटरलची (झाडांच्या ओळीतल्या बारीक नळ्यांची) टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या, एका वेळी चार-पाचच. सगळ्या एकदम उघडल्या तर दाब राहत नाही आणि घाण जागची हलत नाही. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर असेल तर क्षार, त्याला अ‍ॅसिडची प्रक्रिया. हिरवं बुळबुळीत असेल तर शेवाळ, त्याला ब्लीचिंग पावडर. दोन्ही कधीही एकत्र नको, विषारी वायू निघतो. आणि अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही.

रात्रीच्या लाइटला पाणी द्यावं लागतं. काय काळजी घ्यावी?

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, चांगली बॅटरी आणि काठी, हे तिन्ही असल्याशिवाय रानात जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही या भागात आहेत. साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, जखमेवर कापू नका, देवऋष्याकडे नेऊ नका. माणसाला चालू न देता, हात-पाय हलू न देता सरळ सरकारी रुग्णालयात न्या किंवा १०८ ला फोन करा. मण्यारच्या चाव्याला सूज किंवा दुखणं जवळजवळ नसतं, म्हणून 'काही झालं नाही' असं म्हणून झोपू देऊ नका. ओल्या हाताने किंवा अनवाणी स्टार्टरला हात लावणंही तितकंच जिवावर बेततं. पेटीपुढे लाकडी फळी किंवा रबरी चटई कायम ठेवा.

शेळ्या-कोंबड्यांना वेगळं लक्ष द्यावं लागतं का?

लागतं, पण थोडं. उस्मानाबादी शेळी या हवेला काटक आणि बऱ्याचदा जुळी देणारी. गाभणपण पाच महिन्यांचं. चार शेळ्यांसाठी बोकड पाळू नका, शेजारच्या कळपाचा वापरा, पण दर दोन वर्षांनी बोकड बदललेला आहे ना ते विचारा.

गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. खुडूक बसली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, २१ दिवसांत पिल्लं निघतात. खुराड्याला जाळी बारीक हवी आणि खाली दगडाचा पाया. मुंगूस माती उकरून आत शिरतं.

लसी कधी टोचायच्या?

लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा. घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी, मे महिन्यात. लम्पीची दरवर्षी. मादी वासरांना सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या वयात, एकदाच. शेळ्यांना आंत्रविषाराची पावसाळ्याआधी आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग). कोंबड्यांना राणीखेतची पिल्लं आठवड्याची असतानाच. लसीच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध द्या. गोचीड भिंतीच्या फटीत राहतात, नुसतं गाईच्या अंगावर औषध लावून ते संपत नाहीत. फटी बुजवून भिंतीला चुना मारा. संकरित गाईला गोचीड तापाने झटक्यात लोळवल्याची उदाहरणं प्रत्येक गावात सापडतील.

लग्नकार्याला सगळ्यांना एकदम बाहेर जाता येतं का?

येतं, सावड असेल तर. दोन-तीन घरांनी एकमेकांच्या गाईंची धार काढायची सवय आधीपासून ठेवावी, महिन्यातून एकदा तरी. अनोळखी हाताला गाय पान्हा सोडत नाही. जाताना पेंड वेळेनुसार वेगवेगळ्या डब्यांत मोजून ठेवा आणि डॉक्टरांचा नंबर दारावर लिहा.

हिशेब कसा ठेवावा?

एक वही, रोज एक ओळ: दूध सकाळ-संध्याकाळ, पेंड, विकत वैरण, औषध, मजुरी. प्रत्येक गाईचं दूध वेगळं लिहा. एकत्र लिहिलं की एक गाय दुसरीचं खातेय हे कळतच नाही. गोठ्याच्या खर्चातला मोठा हिस्सा खाद्याचा असतो, म्हणून दर दहा दिवसांच्या पगारातून पेंडीचे पैसे आधी बाजूला काढा. भाकड काळात पगार थांबतो, खाणं थांबत नाही. दोन्ही गाई चार-पाच महिन्यांच्या अंतराने वितील असं जमवलं तर घरात दूध कधीच पूर्ण बंद होत नाही.

कागदपत्रांचं काय लक्षात ठेवायचं?

सातबारा आणि आठ-अ दरवर्षी बघून घ्या. ई-पीक पाहणी मुदतीत स्वतःच्या मोबाइलवरून करा. सातबाऱ्यावर पीक नसेल तर नुकसानभरपाईच्या वेळी अडतं. विमा काढला असेल तर गारपीट, अतिवृष्टीच्या नुकसानीचा आताचा नियम काय आहे ते आधीच विचारून घ्या. जनावराच्या कानातला १२ अंकी बिल्ला पडला तर नवा मारून घ्या.

रात्रीच्या शेवटच्या फेरीत काय बघायचं?

बॅटरी एकदम डोळ्यांवर मारू नका, आधी बाहेर उभं राहून ऐका. निरोगी गाय बसलेली असते, रवंथ करत असते, जबडा सावकाश एका लयीत फिरत असतो. एका मिनिटात ५० ते ६० वेळा चावून घास गिळते, थोडं थांबते आणि गळ्याशी पुढचा गोळा वर येताना दिसतो. रवंथ थांबलेलं असेल तर काहीतरी बिघडलं आहे, ताप मोजा. १०२.५ फॅरनहाइटच्या फार वर नको. डावी कूस फुगून पाठीच्या वर आली असेल तर पोटफुगी, बहुतेक ओली लसूणघास जास्त गेलेली असते. गाईला पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा आणि डॉक्टरांना फोन करा. पाव लिटर गोडेतेल पाजायचं झालं तर जीभ न ओढता, तोंड फार वर न करता, घोट-घोट पाजा. सगळं ठीक असेल तर गव्हाणीत मूठ-दोन मूठ कडबा टाका, पाण्याची टाकी भरलीय का बघा, खुराड्याची कडी लावा आणि दिवा मालवा.